हेडरची उष्णता आणि बॉनेटखालची हवा: माझा अनुभव

माझ्याकडे होंडा सिटीची जुनी १.५ व्हीटेक (होंडाच्या बदलत्या झडप-यंत्रणेचे इंजिन) आहे. १०६ अश्वशक्तीचे हे इंजिन वरच्या आरपीएमला जसे मोकळे होत जाते, तसे त्या काळच्या आपल्याकडच्या फार थोड्या गाड्यांत अनुभवायला मिळते. या इंजिनासाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, चार-दोन-एक पद्धतीचा हेडर, म्हणजे सिलिंडरमधला जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या चार नळ्या आधी दोन आणि मग एक होतात असा संच, बनवून घेतला. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागच्या जागी ठेवले, कारण गाडी रस्त्यावरही चालते आणि पीयूसीच्या तपासणीत ती स्वच्छ उतरली पाहिजे, याबाबत मी तडजोड करत नाही. हेडरने अपेक्षेप्रमाणे काम केले. मात्र कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर गाडी नेली तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांनंतर ती जड वाटू लागली. पिटमध्ये उभी केल्यावर बॉनेट उघडले, तर ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवरचे आवरण कडक होऊन तडकलेले दिसले आणि रेडिएटर फॅनच्या प्लास्टिकच्या कड्याची हेडरकडची बाजू किंचित वाकलेली होती.

या इंजिनात एक्झॉस्टची (जळलेला वायू बाहेर पडण्याची) बाजू पुढे, म्हणजे रेडिएटरच्या मागे येते. रेडिएटरमधून गरम होऊन आलेली हवा थेट हेडरवरून जाते, तिथे आणखी तापते आणि मग संपूर्ण इंजिनभोवती पसरते. हेडरच्या जागी असणारा कंपनीचा मूळ मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, जाड भिंतीचा असतो आणि त्यावर पत्र्याची हीट शील्ड बसवलेली असते. हेडर बसवताना हे दोन्ही निघून जाते आणि त्या जागी पातळ भिंतीच्या नळ्या येतात. पेट्रोल इंजिनाच्या पूर्ण भारावर एक्झॉस्ट वायूचे तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि पातळ नळी ते लगेच पकडते.

मी शिरोलीच्या एमआयडीसीतील फाउंड्रीत काम करतो. तापलेल्या धातूशी रोजचा संबंध असल्यामुळे उपाय करण्याआधी मोजमाप, ही सवय अंगवळणी पडलेली आहे. आमचे मिस्त्री मात्र "गुंडाळून टाकूया की साहेब, विषय संपला" असे म्हणून फायबरग्लासच्या पट्टीचे बंडल घेऊन तयार होते. मी त्यांना थांबवले आणि आधी के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, बसवल्या. एक एअर फिल्टरच्या तोंडाशी हवेत, एक फॅनच्या मोटरवर, एक ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरजवळ आणि एक ऑइल पॅनच्या तळाशी. हेडर स्वतः किती तापतो, यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या वस्तू आणि हवा किती तापतात, हे मला हवे होते.

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अनेक जण इन्फ्रारेड थर्मामीटरची पिस्तूल हेडरवर रोखून आकडे घेतात. ते उपकरण पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेवर, म्हणजे तो किती सहज उष्णता बाहेर फेकतो यावर, अवलंबून असते. नव्या चकचकीत स्टेनलेसची उत्सर्जकता फार कमी असते, त्यामुळे प्रत्यक्षात ४०० अंशांवर असलेली नळी त्या पडद्यावर त्याहून पुष्कळ थंड दिसू शकते. तीच नळी वापरून निळसर-तपकिरी झाली की उत्सर्जकता वाढते, आकडा वर जातो आणि त्याचबरोबर ती आजूबाजूला खरोखरच जास्त उष्णता फेकू लागते. रॅप केलेल्या (पट्टीने गुंडाळलेल्या) आणि न केलेल्या नळीची तुलना या पिस्तुलाने करणे म्हणूनच मला मान्य नाही.

आंबा घाट साखरप्याच्या बाजूने चढताना, मालाने भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गियरमध्ये, जे आकडे दिसले त्यांनी मला विचारात टाकले. बाहेर ३३ अंश असताना फिल्टरच्या तोंडाशी ७० अंशांच्या वरची हवा होती. इंजिन ४० अंशांऐवजी ६५ अंशांची हवा घेते तेव्हा तिची घनता साधारण सात टक्क्यांनी कमी होते, म्हणजे हेडरने मिळवून दिलेले बरेचसे हेडरच्याच उष्णतेत परत जाते. शिवाय गरम हवेने इंजिन ठोकण्याची (इंधन अवेळी पेटून खडखडण्याची) शक्यता वाढते, ती वेगळीच. गाडी बंद केल्यानंतरचे आकडे तर याहून वाईट होते, कारण हवा थांबते आणि हेडरमध्ये साठलेली उष्णता पुढची काही मिनिटे बॉनेटखाली वर चढत राहते.

शाळेत शिकलेले वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन मार्ग इथे वेगवेगळे करून पाहावे लागतात, कारण प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. फॅनचे कडे आणि सेन्सरची वायर प्रारणाने भाजत होती. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते, त्यामुळे ३०० अंशांच्या नळीपेक्षा ६०० अंशांची नळी दुप्पट नव्हे, पाचपटीहून अधिक उष्णता फेकते. फिल्टरकडे जाणारी हवा मात्र अभिसरणाने तापत होती, आणि तिला कोणताही चकचकीत पत्रा अडवू शकत नाही.

पहिले काम शील्डचे केले. ३०४ चा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, दोन थरांत, मध्ये आणि नळीपासूनही सुमारे दहा-बारा मिलिमीटर मोकळी जागा ठेवून. शील्डचा उपयोग त्या मोकळ्या जागेतून वाहणाऱ्या हवेमुळे होतो. पत्रा नळीला टेकला तर तोच दुसरा तापलेला पृष्ठभाग बनतो. हेडरला मूळ मॅनिफोल्डसारखे बोल्टचे उंचवटे नसतात, म्हणून फ्लँजवर (हेडर इंजिनला जोडणाऱ्या पट्टीवर) छोटे कान वेल्ड करून घेतले. पत्र्याची भोके बोल्टपेक्षा मोठी, लांबट ठेवली आणि वर रुंद वॉशर टाकले, कारण ३०४ स्टील तापल्यावर साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त पसरते. एक मीटर लांबीची नळी ६०० अंशांनी तापली तर सुमारे एक सेंटिमीटर वाढते, आणि पत्रा घट्ट आवळलेला असला तर तो फाटतो किंवा वेल्ड तडकते. नायलॉनच्या कड्याचे लॉकनट इथे चालत नाहीत, ते नायलॉन लवकरच वितळून जाते. पूर्ण धातूचे लॉकनट आणि आट्यांवर त्या जाम होऊ न देणारी तांब्याची अँटी-सीझ पेस्ट, एवढे केले की शील्ड खडखडत नाही आणि पुढे खोलतानाही बोल्ट तुटत नाही. ऑइल पॅनच्या खालून जाणाऱ्या पाइपवर अशीच एक सपाट शील्ड बसवली. सेन्सरच्या वायरला नवे आवरण, त्यावर परावर्तक स्लीव्ह आणि नळीपासून दूर नेणारी क्लिप लावली.

फॅनच्या मोटरचे आणि कनेक्टरचे तापमान लक्षणीय उतरले. फिल्टरजवळची हवा मात्र जेमतेम काही अंशांनी थंड झाली. मला हेच अपेक्षित होते आणि ते आकड्यांत दिसणे महत्त्वाचे वाटले, कारण आता हवेकडे स्वतंत्रपणे पाहता येणार होते. उघडा कोन फिल्टर काढून मी बंद डब्याची सोय केली, जिची तोंडाची नळी पुढच्या ग्रिलमागून, रेडिएटरच्या बाजूने बाहेरची हवा घेते. डब्याला झाकणापाशी रबराची पट्टी लावून तो पूर्ण बंद केला. एवढ्या बदलाने घाटातला आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-बारा अंशांनीच वर राहू लागला. संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त परिणाम देणारे काम हेच ठरले, आणि हेडर बसवणाऱ्या प्रत्येकाने आधी इथे लक्ष द्यावे असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर सिरॅमिक कोटिंग करून घेतले. नळ्यांवरचे तेल जाळून काढणे, ग्रिट ब्लास्टिंग, आतून-बाहेरून फवारणी आणि भट्टीत पक्के करणे, असा त्याचा क्रम असतो. आतल्या बाजूच्या थराचा मी आग्रह धरला, कारण तो वायूची उष्णता धातूत शिरण्याआधीच रोखतो आणि नळीला स्वतःला कमी तापू देतो. चकचकीत दिसणारे सगळेच कोटिंग जास्त तापमान सोसत नाही, त्यामुळे दिसण्यापेक्षा कमाल तापमानाची मर्यादा विचारून घ्यावी.

रॅपविषयी मिस्त्रींशी माझी पुष्कळ चर्चा झाली. रॅप उष्णता आत कोंडतो, म्हणून बॉनेटखालची हवा थंड राहते, हे खरे आहे. पण त्याच कारणाने नळीचा धातू जास्त तापतो. साध्या पोलादाच्या नळीवर ओलावा धरून ठेवणारी पट्टी आणि वाढलेले तापमान एकत्र आले की गंज आणि पापुद्रे वेगाने वाढतात, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तो ओलावा महिनोन्महिने हटत नाही. शिवाय इंजिनच्या कव्हरमधून तेल झिरपत असेल, तर तेल प्यायलेली पट्टी आग पकडू शकते. म्हणून मी सिलिंडर हेडपासून जोडापर्यंतच्या नळ्या मोकळ्या ठेवल्या आणि फक्त कलेक्टरच्या (नळ्या एकत्र येतात त्या जोडाच्या) खालचा, ऑइल पॅनजवळून जाणारा सरळ तुकडा गुंडाळला. पट्टी भिजवून, ताणून, पाव इंचाचा थर थरावर घेत गुंडाळली आणि स्टेनलेसच्या पट्ट्यांनी आवळली. पहिल्यांदा तापल्यावर तिच्यातून धूर येतो. तो तिच्यावरच्या चिकट पदार्थाचा असतो आणि लवकरच थांबतो. फाउंड्रीतल्या सहकाऱ्यांनी भट्टीला लावतात ते सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट सुचवले होते. ते भट्टीत स्थिर असते. इंजिनच्या थरथराटाने त्याचे बारीक तंतू सुटून हवेत येतात आणि ते श्वासावाटे जाणे आरोग्याला घातक आहे, म्हणून ते मी नाकारले.

राहिला प्रश्न तापलेली हवा बाहेर काढण्याचा. पुष्कळ जण बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून मागची कड उचलतात. उभ्या गाडीत त्याने उष्णता वर निघून जाते, हे खरे आहे. पण काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढतो, आणि मग तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते. ते तपासण्यासाठी मी पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून साधा मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणारे साधन) बनवला. त्याचे एक तोंड बॉनेटवर वेगवेगळ्या जागी चिकटपट्टीने बसवले, दुसरे बॉनेटखाली ठेवले आणि सोबत्याला पाण्याची पातळी वाचायला बसवून महामार्गावर एकसारख्या वेगाने गाडी चालवली. काचेजवळ पाणी उलट्या दिशेने सरकले. बॉनेटच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात, रेडिएटरच्या थोडे मागे, बाहेरचा दाब आतल्यापेक्षा स्पष्टपणे कमी होता.

मूळ बॉनेट न कापता भंगारातून घेतलेल्या दुसऱ्या बॉनेटला त्याच जागी तिरक्या पट्ट्यांच्या खिडक्या पाडल्या. ट्रॅकवर तेच बॉनेट लावतो. पावसाळ्यात रस्त्यावर मूळचेच, कारण थेट तापलेल्या हेडरवर आणि सेन्सरच्या जोडावर पाणी पडू देण्यात मला अर्थ दिसत नाही. इंजिनखालचे प्लास्टिकचे आच्छादन काढण्याचा सल्लाही मिळाला होता. ते काढून पुन्हा मॅनोमीटर लावला तेव्हा बॉनेटखालचा दाब वाढलेला दिसला, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंमधला फरक कमी झाला, आणि आच्छादन त्याच दिवशी परत बसवले.

आता ट्रॅकवरून पिटमध्ये येण्याआधी एक फेरी हळू चालवतो, थांबल्यावर लगेच बॉनेट उघडतो आणि पाना हातात घेऊन शील्डचे नट तपासतो. कलेक्टरखालची पट्टी दर पावसाळ्यानंतर सोडून खालची वेल्ड पाहतो. पुढच्या वेळी हेडर पुन्हा उतरवेन तेव्हा कलेक्टरनंतर एक लवचिक बेलोज (घड्यांच्या नळीचा) जोड घालायचा विचार आहे, कारण इंजिन डोलते तेव्हा प्रसरणाचा सगळा ताण सध्या फ्लँजच्या वेल्डवर येतो.