काशीच्या पुलावर पाऊण तास

सोलापूरच्या कित्येक कुटुंबांप्रमाणे आमचाही काशीतला मुक्काम वीरशैवांच्या जंगमवाडी मठात ठरला होता. मुगलसरायला उतरेपर्यंत (स्थानकाचे नाव २०१८ मध्ये बदलले, पण मावशीला ते मान्य नाही) सांगण्यासारखे काहीच घडले नाही.

घडले ते गंगेवरच्या राजघाट पुलावर. तिथे आमची जीप पाऊण तास जागची हलली नाही. ‘एवढ्या मोठ्या क्षेत्राला यायचा रस्ता असला?’ असे मी चिडून म्हणालो, तेव्हा मावशीने निमूटपणे कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडला. इतक्यात पायाखाली गडगडाट झाला आणि जीपसकट सारा रस्ता थरथरला. खालून रेल्वे चालली होती. मी उतरून कठड्याशी गेलो, तर डावीकडे उत्तरवाहिनी गंगेच्या वळणावर घाटांची संपूर्ण रांग धुरकट उन्हात उभी होती. काशीचे पहिले दर्शन हेच असायला हवे, असे मला त्या क्षणी वाटले. चालकाला मात्र आमच्या थांबण्याचाच कंटाळा आला होता. पुलाविषयी विचारले तर त्याने नुसता हात झटकला.

ग्रँड ट्रंक रस्ता ज्यावरून गंगा ओलांडतो तो हा पूल, वर रस्ता आणि खाली रूळ अशा दुमजली रचनेचा. अवध-रोहिलखंड रेल्वेच्या अभियंत्यांनी बांधलेला हा पूल १८८७ साली व्हाइसरॉय डफरिन यांच्या नावाने खुला झाला आणि १९४८ साली पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याला साडेतीनशे फुटांचे सात आणि एकशेदहा फुटांचे नऊ गाळे, म्हणजे खांबांमधली अंतरे, आहेत. वरून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. दर्शने उरकल्यावर मी मावशीला राजघाटावर नेले, तेव्हा कुठे पोलादी कैच्यांची, म्हणजे पूल पेलणाऱ्या सांगाड्याची, ती त्रिकोणी जाळी नीट पाहता आली, तीही कचरा चुकवत. शेजारी चार रूळ आणि सहापदरी रस्ता असलेल्या नव्या पुलाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. इथल्या अनास्थेवर मी रागावलो खरा, पण सोलापुरातल्या भैय्या चौकाजवळच्या आमच्या ब्रिटिशकालीन रेल्वेपुलाला मीही जन्मभर फक्त वाहतूक कोंडी म्हणूनच ओळखत आलो होतो.

परतीची गाडी खालच्या मजल्यावरून गेली. मावशीने खिडकीतून गंगेला वाहिलेले नाणे कैचीवर आपटून खणखणले, आणि ती पुटपुटत कनवटीला दुसरे शोधू लागली.