तुम्ही विचारलंत म्हणून: 11 मोठे की 60?

एका घरात एक भाऊ गणितात आणि दुसरा रसायनशास्त्रात असला, की हा प्रश्न हमखास येतो. बढतीच्या समितीत बसणारेही तोच विचारतात, फक्त जरा घसा खाकरून. गणितवाल्याच्या पेपरला (म्हणजे शोधनिबंधाला) 11 सायटेशन, म्हणजे इतर पेपरांत त्याचे 11 संदर्भ, आणि रसायनवाल्याच्या पेपरला 60. मग मोठा कोण? आणि वेगवेगळ्या विषयांतले लेखक आणि त्यांचे संदर्भ तुम्ही मोजता, ते नेमकं कसं?

11 आणि 60 हे दोन्ही नुसते अंश आहेत. छेद कुणीच सांगितलेला नाही. आमचा निम्मा वेळ अंश स्वच्छ करण्यात जातो आणि उरलेला छेद कोणता घ्यायचा यावर वाद घालण्यात. मोजणी स्वतः संगणक काही मिनिटांत उरकतो.

पेपर आणि संदर्भ मोजण्याच्या या शास्त्राला मराठीत ग्रंथमिती म्हणतात. 1948 साली इंग्लंडमधल्या एका परिषदेत ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 'लायब्रमेट्री' हा शब्द सुचवला होता. 'बिब्लिओमेट्रिक्स' हा शब्द त्यानंतर 21 वर्षांनी आला आणि तोच रुळला.

आधी अंशाकडे बघू. समजा पुण्यातल्या संशोधनाचा गेल्या पन्नास वर्षांचा आढावा घ्यायचा आहे. स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा फुकट मिळणारं ओपनॲलेक्स, पेपरांच्या या डेटाबेसांपैकी एकातून नोंदी उतरवायच्या. (गूगल स्कॉलर एकेकट्या पेपरसाठी ठीक, पण त्यातून घाऊक माहिती काढता येत नाही.) शोधताना नुसतं 'पुणे' टाकलं तर जुना सगळा माल निसटतो, कारण त्या पत्त्यांत 'पूना' आहे. विद्यापीठाचंच बघा: आधी पूना, मग पुणे, 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. एकच संस्था यादीत तीन ठिकाणी बसते आणि प्रत्येक ठिकाणी बारीक दिसते. एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था उभी आहे विद्यापीठाच्या आवारात, पण ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र. पत्त्यात टाटा संस्थेचं नाव पुढे आलं की यंत्र तो पेपर खुशाल मुंबईच्या खात्यात टाकतं. अशा वेळी पिनकोड कामाला येतो, पण अर्धाच: 411007 म्हटलं तर विद्यापीठ, आयुका (खगोलशास्त्राची दुसरी संस्था) आणि एनसीआरए तिन्ही, 411008 म्हटलं तर एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था). म्हणून संस्थानावांचा एक तक्ता हातानेच करायचा. डावीकडे सापडलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे आपण ठरवलेलं एकच नाव. ओपनरिफाइनसारखं साधन सारखी दिसणारी रूपं एकत्र आणून दाखवतं, पण 'एकत्र करा' हे बटण डोळे मिटून दाबू नये.

मग दुबार नोंदी काढायच्या. आधी डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, जुळवून, आणि जिथे डीओआय नाही तिथे शीर्षक, वर्ष आणि पहिल्या लेखकाचं आडनाव जुळवून. प्रीप्रिंट (जर्नलात येण्याआधी खुला ठेवलेला मसुदा) आणि छापील पेपर यांचे डीओआय वेगळे असतात, त्यामुळे ही जोडी पहिल्या चाळणीतून सुटते.

खरी कटकट लेखकांच्या नावांची. 'एस. कुलकर्णी' या एका नावाखाली किती माणसं असतील, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के-एस-एच घालून. शिवाय आपली नावाची पद्धत परदेशी यंत्रांना कळत नाही. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्यामुळे लग्नानंतर नाव बदललं तर तीन आद्याक्षरांपैकी दोन बदलतात. संशोधक तीच, प्रयोगशाळा तीच, पण यादीत एकीच्या दोघी होतात आणि दोघींचीही कामगिरी निम्मी दिसते. चुका दोनच प्रकारच्या: एकाचे दोन होणं किंवा दोघांचा एक होणं. यंत्राला सहलेखक, संस्था आणि विषय यांवरून जुळवायला सांगायचं, आणि मग दोनेकशे जोड्या हाताने तपासायच्या. यंत्राने 'एकच' म्हटलेल्यांपैकी खरोखर एक किती? आणि खरोखर एक असलेल्यांपैकी यंत्राला सापडल्या किती? हे दोन आकडे दिल्याशिवाय पुढचं काही छापू नये. 2012 पासून प्रत्येक संशोधकाला स्वतःचा असा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, त्याने नव्या पेपरांचं काम बरंच सोपं झालं. जुन्यांचं नाही.

इथे एक जुनी फूटपट्टी उपयोगी पडते. आल्फ्रेड लोटका यांनी 1926 मध्ये दाखवलं, की एकच पेपर लिहिणारे 100 असतील तर दोन लिहिणारे साधारण 25 आणि तीन लिहिणारे 11 निघतात. म्हणजे साधारण 60 टक्के लेखक एकदाच लिहितात. हा उतार विषयागणिक आणि काळागणिक बदलतो. तरीही एकदाच लिहिणाऱ्यांचा वाटा भलताच फुगलेला दिसला, तर सिद्धांत मांडण्याआधी नावं पुन्हा तपासा.

आता लेखक किती, हा मुद्दा. मार्क न्यूमन यांनी 1995 ते 1999 मधले पेपर तपासले तेव्हा जीववैद्यकात दर पेपरमागे सरासरी 3.75 लेखक होते, संगणकशास्त्रात 2.22 आणि उच्च-ऊर्जा भौतिकीत 8.96. पुढे 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा पेपर 5154 लेखकांनी लिहिला. त्याच्या 33 पानांपैकी 24 पानं नुसती नावं आणि संस्था. प्रत्येक लेखकाला पूर्ण एक गुण दिला, तर या एका पेपरचे 5154 पेपर होतात आणि एकट्याने सिद्धता लिहिणारी गणितज्ञ एकावरच राहते. म्हणून विषयांची तुलना करताना अपूर्णांकी मोजणी वापरावी, म्हणजे तीन लेखक असतील तर प्रत्येकाला एक तृतीयांश. पूर्ण मोजणीत विषयांचा फरक फुगतो, एवढं आमचं मत ठाम आहे.

नावांचा क्रम हा आणखी एक सापळा. जीवशास्त्रात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. म्हणजे ससा कुणाच्या हाती आहे हे क्रमावरूनच वाचायचं. गणितात आणि अर्थशास्त्रात बहुधा रोमन वर्णक्रम, तिथे आगाशे नेहमी पुढे आणि वाघ नेहमी मागे. त्यावरून कुणी किती काम केलं ते कळत नाही. लिरान आइनाव आणि लीट यारिव्ह यांनी 2006 मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत आडनाव वर्णक्रमात आधी येणाऱ्यांना कायम पद मिळण्याची शक्यता जास्त. मानसशास्त्रात, जिथे वर्णक्रम पाळत नाहीत, तसं काही आढळलं नाही. एखाद्या विषयात वर्णक्रम पाळतात का, हे शोधताना योगायोग वजा करायला विसरू नका. दोन लेखक असतील तर निम्म्या वेळा क्रम आपोआपच वर्णानुसार लागतो, तिघे असतील तर सहातून एकदा. दोन लेखकांच्या 100 पेपरांपैकी 80 वर्णक्रमात सापडले, तर मुद्दाम लावलेले 60. उरलेल्या 40 पैकी 20 नशिबाने.

आता तुमचे 11 आणि 60. एखाद्या विषयात सायटेशन किती वाटली जातात हे त्या विषयातले लोक संदर्भ किती देतात यावर ठरतं. दिली तेवढीच कुणाला तरी मिळणार. गणिताच्या पेपरात वीसेक संदर्भ असतात, जैवरसायनाच्या पेपरात सहज पन्नास. शिवाय गणितवाले जुन्या कामाकडे आणि पुस्तकांकडे जातात, म्हणून सायटेशन उशिरा येतात. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) मात्र दोनच वर्षांच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे छेद घ्यायचा तो त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीचा. समीक्षालेख (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) वेगळे ठेवायचे, त्यांना नेहमीच जास्त सायटेशन मिळतात. समजा गणिताची ही सरासरी 4 आणि रसायनाची 30 निघाली. मग 11 भागिले 4 म्हणजे 2.75, आणि 60 भागिले 30 म्हणजे 2. गणितवाला भाऊ पुढे.

पण पेढे लगेच वाटू नका. त्याचा पेपर ज्या जर्नलात आला ते गणितात धरलंय की संख्याशास्त्रात? संख्याशास्त्राची सरासरी 7 असेल, तर 11 चे 1.57 होतात आणि रसायनवाला वर येतो. पेपर एकच, सायटेशन तेवढीच, फक्त खण बदलला. वेब ऑफ सायन्समध्ये असे अडीचशेच्या आसपास खण आहेत आणि जर्नल अनेकदा दोन-तीन खणांत असतं. म्हणून उत्तर एका वर्गीकरणावर न देता दोन-तीनवर काढून बघायचं. सरासरीचाही भरवसा कमी, कारण सायटेशनचं पैशासारखं आहे: ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच जातात. 900 सायटेशनचा एक पेपर अख्ख्या गटाची सरासरी उचलतो. त्यापेक्षा 'त्या वर्षाच्या, त्या विषयातल्या वरच्या 10 टक्क्यांत हा पेपर येतो का?' हा प्रश्न जास्त धडधाकट.

संदर्भ म्हणजे शाबासकी, हेही धरून चालू नये. सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला पेपर 1951 चा, ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा. तीन लाखांहून जास्त. मोठा शोध म्हणून कुणी त्याकडे बोट दाखवत नाही. प्रयोगात ती पद्धत वापरली, म्हणून संदर्भ दिला, इतकंच.

कोणता पेपर किंवा लेखक कुणाच्या जवळचा, हे दाखवणाऱ्या नकाशांबद्दल थोडंच. दोन पेपर तेच संदर्भ देत असतील तर ते जवळचे, ही एम. एम. केसलर यांची 1963 ची कल्पना. दोन पेपरांना तिसरा कुणी एकत्र उद्धृत करत असेल तर ते जवळचे, ही हेन्री स्मॉल यांची 1973 ची. पहिलं नातं छापल्या दिवशी ठरतं, दुसरं वर्षागणिक बदलतं. म्हणून ताजं संशोधन बघायला पहिलं आणि विषयाचा पाया बघायला दुसरं. व्हॉसव्ह्यूअर या नकाशे काढायच्या साधनात सहलेखकांचा नकाशा काढताना 25 पेक्षा जास्त लेखकांचे पेपर वगळण्याची मर्यादा आधीच घातलेली असते. ती न बघता पुढे गेलात, तर आयुकातल्या गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्यांचे हजारभर लेखकांचे पेपर नकाशावर येतच नाहीत, आणि का नाहीत ते कळत नाही.

इतिहास आणि मराठी साहित्य मोजायचं तर ही सगळी यंत्रं बाजूला ठेवावी लागतात. तिथे संदर्भ जातो पुस्तकांकडे आणि मराठी नियतकालिकांकडे, आणि हे डेटाबेस त्यातलं फारसं काही पाहत नाहीत. भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात बसून तळटीपा हाताने उतरवायच्या. प्रत्येक 'तत्रैव' (म्हणजे 'तिथेच', मागच्याच ग्रंथात) मागच्या टीपेशी जोडायचा. पान उलटताना एक टीप गळली तर पुढचे सगळे 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाच्या नावावर जमा होतात. इसवी सन काढायला शक वर्षात 78 मिळवायचे, आणि पुस्तक पौष ते फाल्गुनात निघालं असेल तर बहुधा 79. राजवाडे, वि. का. राजवाडे आणि इतिहासाचार्य राजवाडे हे तिघे एकच. राहिला शेवटचा पेच: कुणी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या एखाद्या खंडाचा संदर्भ दिला, तर तो राजवाड्यांच्या मताला की आत छापलेल्या पत्राला? आम्ही प्रस्तावनेच्या पानांचा संदर्भ राजवाड्यांच्या खात्यात टाकतो आणि पत्राचा 'साधन' म्हणून वेगळ्या रकान्यात. तुम्ही दुसरं काही ठरवलंत तरी चालेल, पण ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. चारशे टीपा उतरल्यावर नियम बदलला तर त्या चारशे पुन्हा कराव्या लागतात.