कॅल्शियम राहिलं

शरीराबाहेर काढलेलं उंदराचं हृदय धडधडताना पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "हे अजून चालू कसं?" गेली तीन वर्षं मी त्याचं उत्तर देतोय. त्या गुरुवारी प्रश्न उलटा होता आणि विचारणारा मीच होतो.

आमचं काम हार्ट अटॅकनंतर बंद धमनी उघडल्यावर होणाऱ्या इजेवर. रक्त थांबल्याने स्नायू मरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते परत सुरू होतानाही काही पेशी मरतात. हे बघायला आम्ही १८९५ साली ऑस्कर लँगेनडॉर्फने दाखवून दिलेली पद्धत वापरतो. हृदय महाधमनीतून एका नळीवर लटकवायचं आणि वरून कोमट, ऑक्सिजन भरलेलं क्षारांचं पाणी सोडायचं. पाणी उलट्या दिशेने आल्यामुळे महाधमनीची झडप मिटते आणि त्याला हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरण्यावाचून वाट उरत नाही. पंप नाही, काही नाही. टाकी हृदयापासून १०९ सेंटिमीटर उंच ठेवली की ८० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब आपोआप मिळतो. मला या साधेपणाचा अजून अभिमान वाटतो.

डाव्या कप्प्यात पाण्याने भरलेला एक चिमुकला फुगा घालतो, त्यावरून आकुंचनाचा दाब कळतो. हे फुगे विकत मिळतात, पण खरेदी विभागाच्या तीन कोटेशनांतून येईपर्यंत पीएच.डी. संपेल. म्हणून आम्ही ते निरोधच्या टोकापासून बनवतो. त्याचं बिल व्हाउचरला लावताना काय लिहायचं, हा लेखा विभागाचा आणि माझा जुना वाद आहे.

आता बफर, म्हणजे तेच क्षारांचं पाणी, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट, ग्लुकोज आणि कॅल्शियम. यातलं कॅल्शियम सगळ्यांत शेवटी घालायचं. आधी ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वीसेक मिनिटं सोडायचे, पीएच ७.४ वर आला की मगच कॅल्शियम. घाई केली तर फॉस्फेट आणि कार्बोनेटबरोबर त्याचा साका बसतो आणि बफर ताकासारखा दिसतो. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सगळ्यांत शेवटी, तीही पाण्यासारख्याच दिसणाऱ्या द्रावणातून, लिटरला अडीच मिलिलिटर. घातलं काय, न घातलं काय, बघून कळत नाही.

त्या दिवशी बफर आमच्या ज्युनिअरने केला होता. छाती उघडल्यापासून नळीवर रेशमी दोऱ्याची गाठ बसेपर्यंत माझ्या हातात जेमतेम तीन मिनिटं असतात. ती छान गेली. बुडबुडा नाही, गाठ पहिल्याच फटक्यात. हृदयाने पाच-सात ठोके दिले, मग ते मंदावले आणि थांबले.

स्क्रीनवर ईसीजी मात्र चालू होता. काटे नेमाने उभे राहत होते आणि खाली दाबाची रेघ सपाट.

खरं तर तिथेच कळायला हवं होतं. वीज आहे आणि आकुंचन नाही, याला मोजकीच कारणं असतात. पण मी फुग्यावर संशय घेतला. मग दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरवर. मग नळी फार खोल गेली का ते बघितलं, पाण्याच्या तापमानाला हात लावला, रक्त गोठू नये म्हणून देतो त्या हेपॅरिनच्या डोसाबद्दल ज्युनिअरला उगाच झापलं. पाण्याचा प्रवाह उत्तम होता. आमचे शिपाई मामा दारातून म्हणाले, "काय साहेब, झोपलं काय आज?" नऊ मिनिटं गेल्यावर माझं लक्ष कॅल्शियमच्या बाटलीकडे गेलं. सकाळी काढून ठेवलेली, भरलेली, सील तसंच.

मग मी जे केलं, त्यावर मी अजून विचार करतोय. मी आनंदलो. चूक सापडली होती. पिपेट उचलून टाकीत कॅल्शियम घातलं आणि ते नळीतून खाली उतरण्याची वाट बघितली. मिनिटभरात फुग्याचा दाब, जो मी ८ मिलिमीटर पाऱ्यावर ठेवला होता, सर्रकन वर चढला आणि खाली यायचं नाव घेईना. हृदय मुठीसारखं आवळलं, फिकट पडलं. खालून ठिबकणारं स्वच्छ पाणी तांबूस तपकिरी झालं. ईसीजीही विझला.

याला 'कॅल्शियम पॅराडॉक्स' म्हणतात. झिमरमन आणि हुल्समन यांनी तो १९६६ सालीच दाखवला आहे आणि मी सेमिनारात त्यावर बोललोसुद्धा आहे. कॅल्शियम नसताना पेशींना एकमेकींशी जोडणारे सांधे सैल होतात आणि पेशींत सोडियम साचतं. मग कॅल्शियम परत दिलं की सोडियम बाहेर टाकण्याच्या बदल्यात ते लोंढ्याने आत घुसतं. स्नायू जीव खाऊन आवळतो, सैल सांधे फाटतात आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं तांबूस प्रथिन बाहेर वाहतं. तोच तांबूस रंग. म्हणूनच बायपासच्या वेळी हृदय थांबवायला जे सेंट थॉमस द्रावण वापरतात, त्यात कॅल्शियम मुद्दाम ठेवलेलं असतं. ३७ अंशांवर या नाशाला कॅल्शियमविना तीन-चार मिनिटंही पुरतात. मी नऊ दिली. तेवढा वेळ हृदय थंड असतं तर बहुधा वाचलं असतं. पण ते गारठू नये म्हणून मीच त्याच्याभोवतीच्या जॅकेटचं कोमट पाणी तपासत बसलो होतो.

१८८२ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर या डॉक्टरचं याच्या बरोबर उलट झालं होतं. त्याच्या सहाय्यकाने डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं आणि बेडकाचं हृदय तासन्‌तास चाललं. शुद्ध पाणी घेतल्यावर बंद पडलं. नळातल्या कॅल्शियमची ती करामत होती. आमचं पाणी फार शुद्ध, वर बफरमध्ये उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीएही.

संध्याकाळी आमच्या गाईड मॅडमनी विचारलं, "बफर कोणी केला?" मी म्हणालो, "हिने." खोटं नव्हतं. पण पीएच बघत ती कॅल्शियम घालायला उभी असताना, गॅसवाल्याने भलत्याच रेग्युलेटरचं सिलिंडर आणून टाकलं म्हणून तिला खाली हाक मारणारा मीच होतो. यादीत कॅल्शियमसमोर टिक होती, कारण सगळ्या टिका एकदम मारायच्या ही सवयही तिला माझ्याकडूनच लागलेली. मॅडमसमोर ती काहीच बोलली नाही. मीही नाही. एथिक्स समितीने मोजून मंजूर केलेल्या उंदरांपैकी एक कमी झाला आणि रजिस्टरात वगळण्याचं कारण म्हणून 'तांत्रिक' असं लिहिलं गेलं, माझ्याच अक्षरात.

दोन दिवसांनी उणे ८० च्या फ्रीजरमध्ये मला एक रॅक सापडला. सगळा गोंधळ चालू असताना ज्युनिअरने दर मिनिटाचं ठिबकलेलं पाणी वेगवेगळ्या ट्यूबांत धरलं होतं, वर वेळ लिहून. पहिल्या नऊ बिनरंगी. दहावीपासून गुलाबी, मग तपकिरी. आमच्या प्रोटोकॉलमध्ये या नमुन्यांना कुठेच जागा नाही. मॅडम म्हणाल्या, टाकून दे, जागा अडते.

तो रॅक मी अजून टाकलेला नाही. तिला अजून काही बोललेलोही नाही.