आकडे नकोत

"ऑक्सिजन ८९. जेवण नाही. लघवी कमी."

रोज रात्री आठला बाबांच्या पर्वती चढणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर एवढं टाकते. खाली जोडलेले हातच हात.

आज त्यांच्यातल्या एका काकांचा फोन. "अगं, ते आकडे आम्हाला काय कळतात? आज तो काय म्हणाला, ते सांग."

मी गप्प. दिवसभर ऑक्सिमीटरकडेच बघत होते ना!

आत गेले. बाबांच्या कानाशी काकांचं नाव घेतलं. डोळे मिटलेलेच, पण ओठ हलले. "लबाड आहे तो. अर्ध्या पायऱ्यांवर बसतो."

तेवढंच ग्रुपवर टाकलं. जोडलेले हात नाहीत, काहीच नाही. मग काकांचा मेसेज : "गुडघा दुखतो म्हणावं त्याला."

सांगायला गेले, तर डोळा लागलाय.

उठवू का?