गॅप पडला म्हणून फॉर्म भरायचाच नाही?

"मॅडम, मुलगा झाला, नोकरी सुटली. आता मला कोण विचारतंय?" कराडची माझी जुनी विद्यार्थिनी परवा फोनवर म्हणाली. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग!

म्हटलं, अगं, गॅप पडलेल्यांसाठीच तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-किरण' योजना आहे. घरच्या कारणानं संशोधन सुटलेल्या बायकांना परत आत घ्यायचं, हा तिचा हेतू. पीएचडी करायची असेल, तर त्यात वाइज-पीएचडी आहे. प्रयोगशाळेत उभं राहणं जमणार नसेल, तर वाइज-आयपीआरमध्ये पेटंटच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण. आई-वडिलांची तू एकुलती एक मुलगी असशील, तर पीएचडीसाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप. (सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्या नावाचा फॉर्म साताऱ्यातून भरला गेलाच पाहिजे, असा माझा हट्ट.)

खरं घोडं अडतं ते संस्थेच्या पत्रापाशी. फेलोशिप तुमची, पण जिथे काम करणार तिथली संमती लागते, आणि सही करणारे साहेब नेमके शेवटच्या तारखेला रजेवर. म्हणून पत्र आधी, प्रस्ताव मागून.

सध्या ती शिवाजी विद्यापीठात मार्गदर्शक शोधतेय. सासूबाईंनी सांगितलंय, "पोराला मी बघते, पण कोल्हापूरहून उजेडातली एसटी पकडायची."