सेट होईल म्हणे

मंगळवार

"नई गाड़ी है दीदी, पहली सर्विस तक सेट हो जाएगी." नवी स्कूटर चालता चालता उचक्या देते अशी तक्रार केली, तर शोरूमवाला हे म्हणाला, घरी ह्यांनी तेच म्हटलं, शेजारच्या वहिनींनीही तेच ऐकवलं. सेट व्हायला ती काय दही आहे?

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसायला वेळ लागतो, मान्य. त्यापायी गाडी जरा जड चालेल, ॲव्हरेज कमी देईल. पण चालता चालता मध्येच एक ठोका खायचा आणि मग झटका द्यायचा, याचा रिंगा बसण्याशी काय संबंध, ते कोणी सांगेना.

लक्षणं लिहून ठेवते, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये गेलं की 'कभी-कभी होता है' यापलीकडे काही सुचत नाही. उभी असताना इंजिन एकसारखं. एकटी सपाट रस्त्याने गेले तर तक्रार नाही. सासूबाई मागे बसल्या आणि इथला, इंदूरचा, केसरबागचा पूल चढायला लागलो की उचक्या सुरू. सकाळी पाऊस होऊन गेला असला तर जास्त. दुपारी उन्हात उभी राहिली की जवळजवळ नाहीच.

बुधवार

वरच्या काकांची जवानी चेतकवर गेली. गाडी आडवी करायची, सरळ करायची, मग किक मारायची, हा त्यांचा रोजचा व्यायाम. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध: "प्लग काढ, पॉलिश पेपरने घास, लाव." तेव्हाचं इंजिन टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच जळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरायचीच. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झाले, कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं आणि काकांचं निम्मं ज्ञान निवृत्त झालं. निम्मं मात्र कामाचं आहे. ठिणगी अजून प्लगच टाकतो.

भाच्याने इथेनॉलवर खापर फोडलं. पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं, आणि ते पाणी ओढून घेतं, हे खरंच. पण ह्यांची मोटारसायकल त्याच पंपाचं पेट्रोल पिऊन मजेत आहे. शिवाय टाकीत पाणी असतं तर गाडी सपाट रस्त्यावरही रडली असती; उन्हात उभी राहून सुधारली नसती.

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडला. "कोई एरर नहीं है." नसेलच. तो सेन्सरचं ऐकतो, सासूबाईंचं नाही. मग तिथला पोरगा म्हणाला, क्लचचा झटका असेल. क्लच धरतो तो गाडी जागची हलताना. आमची चांगली वेग घेऊन चढावर असते तेव्हा उचकते. हे त्याला दोनदा सांगितलं, त्याने दोनदा मान हलवली आणि चावी परत दिली.

गुरुवार

महू नाक्याजवळ एक म्हातारा उस्ताद बसतो. बाकी सगळे त्याचे 'भिया', मी 'दीदी'. गाडी वॉरंटीत आहे म्हटल्यावर त्याने पान्याला हातसुद्धा लावला नाही. एवढंच विचारलं, "लोड पे करती है? और गीले में ज़्यादा?" मी हो म्हटलं. "रात को बत्ती बंद करके प्लग की टोपी देखना. थोड़ा पानी का फव्वारा मारके. हाथ दूर रखना."

कारणही त्यानेच समजावलं. चढावर मूठ पिळली की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगवरच्या टोपीतून जाणारे हजारो व्होल्ट ते, बाहेर सोपी वाट दिसली की तिकडेच पळणार. ओल म्हणजे त्यांच्यासाठी सोपी वाट. सर्व्हिस सेंटरच्या एसीत बसून हे कोणी का बोललं नाही?

रात्री पार्किंगमध्ये पाय ठेवायच्या जागेमागचं छोटं झाकण काढलं. गाडी मेन स्टँडवर, चालू. ह्यांनी दिवा मालवला. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन हातभर अंतरावरून हलकासा फवारा मारला. इंजिन लगेच अडखळलं आणि टोपीच्या कडेवरून शेजारच्या धातूवर निळ्या बारीक रेघा उड्या मारू लागल्या. प्रत्येक उडीबरोबर टिक असा आवाज. ह्यांच्या तोंडून फक्त "अरे!" निघालं. मी मोबाइलवर शूटिंग करून घेतलं, पुरावा नको का?

शनिवार

व्हिडिओ दाखवला तेव्हा सुपरवायझर स्वतः उठून आला. टोपी ओढली तर तिचा रबरी काठ एका बाजूने आत दुमडलेला, म्हणजे कारखान्यातून आली तेव्हापासून पूर्ण बसलेलीच नव्हती. आतून रबरावर काळी बारीक रेघ उमटली होती. ठिणगीने एकदा अशी वाट जाळून काढली की नुसती दाबून बसवून भागत नाही, म्हणून टोपी नवी घातली, वॉरंटीत. येताना पूल दोनदा चढून बघितला, सासूबाईंना घेऊन. एक ठोका चुकला नाही.

जॉब कार्डवर मात्र 'जनरल चेकअप' लिहिलं होतं. तिथेच खोडायला लावलं आणि 'प्लग कॅप बदला, मिसफायर की शिकायत' असं लिहवून, शिक्का मारून घेतला. सुपरवायझर म्हणाला, "दीदी, इतना क्या लिखना?" मी म्हटलं, लिहाच.