जपान, दुसऱ्या खेपेला

पहिल्या खेपेला आम्ही जपान ‘केलं’ होतं. टोकियो, हाकोने, क्योतो, नारा, हिरोशिमा, ओसाका. सगळे करतात तेच, आणि मजाही आली. पण नंतर मुलांना काय आठवतंय म्हणून विचारलं, तर दोघंही हाकोनेच्या रियोकानबद्दलच, म्हणजे तिथल्या पारंपरिक जपानी सराईबद्दलच, बोलत सुटली. जेवून खोलीत आलो, तर मधलं टेबल बाजूला सारून कुणीतरी जमिनीवर गाद्या घालून गेलं होतं, त्याबद्दल. फुजी पर्वत बिचारा ढगात राहिला आणि यादीतही आला नाही.

म्हणून यंदा भाऊबीज उरकून निघालो ते आधी मुक्काम ठरवून. ओकायामाला साधं हॉटेल, गरम पाण्याच्या कुंडांच्या किनोसाकीला रियोकान, कोयासानला देवळातली खोली आणि परतताना ओसाकाला पुन्हा हॉटेल. बघायचं काय, ते तिथं गेल्यावर बघू. या वेळी सासूबाईही सोबत होत्या. आई पक्क्या शाकाहारी, शिवाय कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण बंद. गुडघे कुरकुरणारे, पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

पैशांचं गणित आधीच सांगते. जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये महागला, सात दिवसांचा २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला. टोकियोला जायचंच नसेल तर तो घेण्यात काही अर्थ नाही. आम्ही कानसाई वाइड एरिया पास घेतला, तेव्हा तो १२,००० येनला पडला. पाच दिवस चालतो, ओकायामापर्यंतची शिनकानसेन बुलेट ट्रेनही त्यात येते आणि किनोसाकीही.

राहण्याचं गणित वेगळंच. तिथं बरीच हॉटेलं खोलीचा दर किती माणसं झोपणार त्यावर ठरवतात, आणि ‘चला, एक एक्स्ट्रा गादी टाका’ हा आपला हुकमी तोडगा साध्या बिझनेस हॉटेलात चालत नाही. गादी टाकायला जमीनच उरत नाही! पाच जणांना दोन खोल्या घ्याव्याच लागतात. रियोकानात मात्र सगळे एका खोलीत मावतात, पण दर माणशी असतो, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून. आमच्या मधल्या दर्जाच्या रियोकानला माणशी पंचवीस हजार येनच्या आसपास पडले, मुलांना थोडे कमी. येन साठ पैशांच्या आतबाहेर धरला तरी आकडा ऐकून नवरा थोडा वेळ गप्पच होता.

ओकायामाला का गेलो, तर पुणेकर असल्यामुळे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ती कोराकुएन इथली. १६८७ मध्ये काम सुरू होऊन १७०० मध्ये पुरी झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. मुलं आत शिरताच म्हणाली, “हे तर आपलंच आहे, फक्त मोठं.” मोठं म्हणजे चांगलंच मोठं, तेरा हेक्टरच्या वर, आणि मध्येच भाताचं खाचर आणि चहाचा मळासुद्धा. राजेरजवाड्यांच्या बागेत भातशेती कशाला, यावर आई आणि नवऱ्याची बरीच चर्चा रंगली. नदीपलीकडचा काळा किल्ला १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळला, आताचा मनोरा १९६६ चा, काँक्रीटचा. नवऱ्याचा विरस झाला. आत लिफ्ट आहे कळल्यावर आई खूश.

हॉटेलबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की खालच्या नाण्यांवर चालणाऱ्या मशीनमध्ये कपडे धुऊन-वाळवून घेतले आणि मोठ्या बॅगा रिसेप्शनवरूनच ताक्युबिननं, म्हणजे सामानाच्या कुरिअरनं, पुढे ओसाकाच्या हॉटेलला पाठवून दिल्या. एक फॉर्म भरायचा, तारीख टाकायची, विषय संपला. वयस्कर माणूस आणि पोरं बरोबर असतील तर पाठीवरच्या सॅकएवढंच सामान घेऊन डोंगरातल्या गाड्या बदलण्यासारखं सुख नाही.

किनोसाकीला जायला हिमेजीहून हामाकाझे गाडी पकडली. ती ओसाकाहून येते आणि हिमेजीला तिची दिशा उलटते. गाडी थांबली तशी आधीपासून बसलेली माणसं उठली, आपापली सीट गर्रकन फिरवली आणि परत बसली. ना कुणी सांगितलं, ना कुरबूर झाली. धाकट्यानं आमच्या सीट गरज नसताना दोनदा फिरवून घेतल्या.

आता रियोकान. तिथलं घड्याळ तुमचं नसतं. तीन वाजता खोली मिळते, जेवण सहाला म्हणजे सहाला, सकाळचा नाश्ता आठला. दिवसभर भटकून रात्री नऊला उगवायचं असेल तर तिथले पैसे वाया. आम्ही साडेतीनलाच पोचलो. दारात बूट काढले ते निघेपर्यंत पुन्हा घातलेच नाहीत. काउंटरवरच्या बाईंनी नुसत्या नजरेनं प्रत्येकाच्या मापाचा युकाता, म्हणजे सुती किमोनो, काढून दिला, आणि आईंनी उजवा पदर वर घेतलेला पाहून लगबगीनं पुढे होऊन तो सोडून डावा वर घेऊन दिला. उजवा वर फक्त मृताला नेसवताना असतो. हे मी नंतर हळूच सांगितलं, तर आई म्हणाल्या, “बरं झालं बाई, वेळेवर बघितलं तिनं.”

गावाची गंमत अशी, की रियोकानात राहणाऱ्यांना गावातली सार्वजनिक स्नानगृहं फुकट. एकूण सात आहेत, त्यांतली एखाद-दोन त्या-त्या दिवशी बंद असतात. संध्याकाळी अख्खं गाव युकाता नेसून, लाकडी गेता खडावांसारख्या खडखडवत, विलोच्या झाडांखालून ओढ्याकाठानं एका हमामातून दुसऱ्या हमामात जात असतं. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्या माणसाला गरम पाण्याचं अप्रूप नाही. अप्रूप आहे ते हे, की पूर्ण विवस्त्र व्हायचं, बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणानं स्वच्छ अंग धुवायचं आणि मगच कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्याला लागता कामा नये, तो डोक्यावर ठेवायचा.

पहिल्या दिवशी आईंनी साफ नकार दिला. रियोकानात आतून कडी लावून वापरायची एक छोटी खोली होती, तिथं त्या एकट्याच जाऊन आल्या. गुडघे मोकळे झाले म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना मी निघाले, तर मागून आवाज आला, “थांब, मीही येते.” आत ऐंशीच्या घरातल्या दोन जपानी आजीबाई बसल्या होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अर्ध्या तासानं मीच उकडून बाहेर आले, आई तिथंच, आणि तिघींचं गुडघ्यांकडे बोट दाखवून काहीतरी चाललं होतं.

जेवणाचं पत्र मी दोन महिने आधीच लिहिलं होतं. शाकाहारी म्हटलं की जपानात मांस वगळतात, पण साध्या शिजवलेल्या भोपळ्यातही वाळवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं. एका रियोकाननं सरळ ‘जमणार नाही’ कळवलं. दुसऱ्यानं कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिइताके मशरूम यांचं पाणी वापरू, मात्र लोणच्यांची खात्री देता येणार नाही, असं लिहिलं. मला हे दुसरं उत्तर इतकं आवडलं की लगेच बुकिंग केलं. खेकड्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे आम्ही चौघं सोलण्यात गुंग. आईंसमोर तोफू, काकडीचं काहीतरी, कमळाचे देठ, मशरूम, असे चिमुकले बाऊल एकामागून एक येत राहिले. सकाळच्या नाश्त्याला मात्र त्यांनी पर्समधून मेतकुटाची डबी काढली. तो चिकट, गरम भात आणि मेतकूट! मुलांनी भाजलेला मासा सोडून तेच खाल्लं, आणि वाढणाऱ्या बाईंनाही बोटभर चाखायला दिलं गेलं.

कोयासानला या कुठल्याच पत्राची गरज पडली नाही. कुकाई या बौद्ध भिक्षूनं ८१६ मध्ये वसवलेलं हे डोंगरमाथ्यावरचं देवळांचं गाव, आणि त्यांतली पन्नासेक देवळं पाहुणे ठेवतात. जेवण शोजिन, म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आईंचा चातुर्मास परदेशात बिनबोभाट पार पडला. थंडी मात्र मरणाची. खोलीत खाली हीटर असलेलं रजईचं टेबल होतं, कोतात्सू. त्यात पाय घातल्यावर कुणी उठायलाच तयार नाही. सकाळी सहाच्या पूजेला आई सगळ्यांच्या आधी हजर. होम झाला, पुजाऱ्यानं समिधा टाकल्या, मंत्र म्हटले, आणि आईंनी नेहमीच्या सवयीनं हात जोडून पुढे सरकून जागा पकडली.

ओकुनोइनच्या दफनभूमीत दोन लाखांवर थडगी आहेत. सरदारांची, कंपन्यांची, एक चक्क रॉकेटच्या आकाराचं, आणि एक कीटकनाशकवाल्यांनी मारलेल्या वाळवीच्या स्मरणार्थ उभारलेलं. मुलांनी ते वाळवीचं शोधून काढलंच. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायला मनाई आहे. तिथं कुकाई अजून ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज दोनदा त्यांच्यासाठी ताट नेलं जातं. साडेदहाचं ताट जाताना आम्हाला दिसलं. मुलगी विचारत होती, “पण उरतं का? मग ते कोण खातं?” हा प्रश्न तिनं दिवसभर सोडला नाही.

ओसाकाला बॅगा आमच्या आधीच पोचल्या होत्या. हिशोब मांडला, तर रियोकान आणि देऊळ मिळून जेवढं झालं, तेवढ्यात साध्या हॉटेलांचे बाकीचे सगळे मुक्काम निघाले असते. नवऱ्याचं म्हणणं, पुढच्या वेळी रियोकान एकच रात्र. आईंचं म्हणणं, मग हॉटेलं कमी करा. मी तूर्तास क्यूशू बेटावरचे दर बघत बसलेय.